लाकडी जमीन करायचीय? फळी निवडण्याआधीची तयारी

दुकानात शिरण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: ही फळी पावसाळ्यात किती फुगते? विक्रेता आधी जांका आकडा सांगेल. 11.28 मिलिमीटरचा पोलादी गोळा लाकडात निम्मा रुतवायला किती पौंड जोर लागतो, त्याचं हे माप. हिकरी 1820, हार्ड मेपल 1450, व्हाइट ओक 1360, रेड ओक 1290, साग साधारण 1070, अमेरिकन अक्रोड 1010. यात साग खाली दिसतो आणि माणूस मेपलकडे वळतो. मीही वळलो. दादरच्या घरात मार्चमध्ये भिंतीला घट्ट भिडवून बसवलेल्या त्या फळ्या जुलैत खोलीच्या मधोमध उचलल्या गेल्या.

कारण साधं आहे. परदेशी फळी 6 ते 9 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेली असते. मुंबईच्या पावसाळी हवेत, खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या घरात, लाकूड 15-16 टक्क्यांकडे सरकतं. पाच इंच रुंद फळीचा ओलावा 8 वरून 14 वर गेला तर हिशेबाने रेड ओक 2.8 मिलिमीटर रुंद होतो, मेपल 2.7, अक्रोड 2.1 आणि साग फक्त 1.4. दहा फुटांच्या खोलीत अशा 24 फळ्या बसतात, गुणाकार करून बघा. मऊ म्हणून साग नाकारू नका. गिरगावातल्या जुन्या चाळींत याच लाकडावर पिढ्यान् पिढ्या चालल्या आहेत.

सागातही निवड आहेच. बर्मा, बल्लारशा, घाना अशी नावं रे रोडच्या लाकूडबाजारात ऐकाल. नावापेक्षा फळीचं तोंड पाहा. फिकट, पांढरट पट्टा असेल तर ती बाजूला काढायला सांगा, वाळवी तिथूनच शिरते. पाडलेल्या चाळीच्या तुळया मिळाल्या तर सोडू नका, फक्त कापण्याआधी खिळे शोधून काढा. साग तेलकट असतो, म्हणून डिंक लावण्याआधी फळी थिनरने पुसायची, हे मिस्त्रीला आधीच सांगा. बजेट ओकचंच असेल तर भरीव फळीऐवजी प्लायच्या पाठीची घ्या, ती कमी हलते.

मॉइश्चर मीटर विकत घ्या किंवा मागून आणा, आणि प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन-तीन फळ्या मोजा. मग गठ्ठे सोडून त्या खोलीतच, खाली पट्ट्या देऊन, निदान दोन आठवडे ठेवा. दरम्यान लादीवर दोन फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवा. दुसऱ्या दिवशी खाली दव दिसलं तर ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय एकही फळी टाकू नका. खाली प्लाय घालणार असाल तर आयएस 710, म्हणजे ओल सोसणाऱ्या मरीन प्लायची छाप बघूनच. सोसायटीची परवानगी आणि दारं खालून रंधायची बोलणी याच काळात उरका.

भिंतीलगत 10 ते 12 मिलिमीटर फट चारही बाजूंना हवी, उंबऱ्यापाशीसुद्धा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, मिस्त्री काहीही म्हणो. काम पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरा. आणि उरलेल्या चार फळ्या पलंगाखाली ठेवा. पुढे एखादी बदलायची झाली तर तोच रंग, तीच रेघ बाजारात मिळत नाही.