छळ सोसताना : नाशिक जिल्ह्यातल्या विश्वासी कुटुंबांनी काय करावे

गावात छळाची सुरुवात बहुधा वर्गणीवरून होते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात बोहाडा किंवा डोंगऱ्यादेव असा सण आला की घरटी पैसे गोळा होतात. नव्याने प्रभू येशूकडे आलेले कुटुंब नेमके त्याच दिवशी, दहा माणसांसमोर, "आम्ही देणार नाही" म्हणून मोकळे होते आणि त्या एका वाक्यावर पुढची दोन-तीन वर्षे जातात. हे टाळता येते. सणाच्या पंधरा दिवस आधी गावातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या घरी जाऊन एकट्याने भेटा. पूजेच्या खर्चात आम्हाला भाग घेता येत नाही, पण विहिरीचा गाळ काढायला आमच्या घरची दोन माणसे धरा आणि तेवढीच रक्कम शाळेच्या पत्र्यांना घ्या, असे सांगा. रक्कम खरोखर द्या, तीही ग्रामपंचायतीची पावती घेऊन. पुढे "हे गावाला काही देत नाहीत" असा आरोप झाला तर तीच पावती कामाला येते.

दुसरी ठिणगी देव्हाऱ्यातल्या टाकांवरून पडते. टाक सगळ्या भाऊकीचे असतात. ते नदीत टाकणे, फोडणे किंवा भंगारात देणे हा भावांचा अपमान आहे, आणि पूज्य वस्तूची नासधूस म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ खाली गुन्हाही होऊ शकतो. थोरल्या भावाला बोलवा, टाक स्वच्छ कापडात बांधून त्याच्या हाती द्या. कोणाच्याही देवाला सैतान म्हणू नका.

हे आधी सांगण्याचे कारण पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. चौथ्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज धरू नका, पण त्याच्या आदल्याच वचनात बजावतो की चोर म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख सोसू नये. छळ झाला की पहिल्या आठवड्यात दोन-तीन जाणत्या विश्वासी माणसांसोबत बसून प्रामाणिकपणे तपासा : हे ख्रिस्ताच्या नावामुळे झाले, की आपल्या बोलण्यामुळे, उधारीमुळे, बांधाच्या जुन्या भांडणामुळे? आपली चूक असेल तेवढ्यापुरती माफी मागा. उरलेले प्रभूसाठी सोसणे आहे, आणि ते निःशंक मनाने सोसता येते.

प्रार्थनासभेची घडी

घरात कुटुंबाने व पाहुण्यांनी मिळून प्रार्थना करणे हा हक्क संविधानाच्या कलम २५ ने दिला आहे. तरी काही गोष्टी काटेकोर पाळा. ध्वनिक्षेपक परवानगीशिवाय लावू नका. रात्री १० ते सकाळी ६ तर लावूच नका. दुसऱ्यांची अल्पवयीन मुले आईवडील सोबत असतील तरच बसवा. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण क्षयाची, साखरेची, फिटची गोळी बंद कर असे चुकूनही म्हणू नका आणि प्रार्थनेचे पैसे घेऊ नका. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि अशा बोलण्यावरूनच तक्रारी होतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गोळी बंद केल्याने माणूस दगावतो. धान्य, कपडे, वह्या वाटायच्या असतील तर सभेच्या दिवशी वाटू नका, आणि सगळ्या गरजूंना द्या. दानाची वही व पावती पुस्तक ठेवा. धर्मांतराबद्दल कायदा आज काय सांगतो हे बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी वकिलाकडून समजून घ्या.

दाखल्याच्या धमकीने पुष्कळ जण घाबरतात. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल माणूस ख्रिस्ती झाला तरी तो त्या जमातीचाच राहतो. अनुसूचित जातींचे तसे नाही. तो आदेश हिंदू, शीख व बौद्ध यांच्यापुरता आहे. त्या समाजातून येणाऱ्या कुटुंबाला हा परिणाम आधीच, स्पष्ट शब्दांत सांगणे पाळकाचे (चर्चच्या धर्मगुरूचे) कर्तव्य आहे.

जमाव दाराशी आला तर

बोलणारा माणूस एकच ठेवा, आणि तो कोण हे आधी ठरलेले असू द्या. शक्यतो वयस्कर, आवाज न चढवणारा. बाकीच्यांनी बसून राहावे. मुलांना व गरोदर बायकांना मागच्या दाराने ज्या शेजाऱ्याकडे न्यायचे, त्याला आधीच विचारून ठेवा. एकाने लगेच ११२ ला फोन लावायचा : गाव, पाडा, तालुका, जवळची खूण, किती माणसे, हातात काय आहे. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर रेंज सगळीकडे मिळत नाही. कोणत्या टेकाडावर फोन लागतो हे आज पाहून ठेवा. दोन महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण मोबाइल सगळ्यात आधी हिसकावला जातो.

समोरच्याच्या तोंडासमोर मोबाइल धरून चित्रण करू नका, त्याने माणसे चवताळतात. लाइव्ह तर अजिबात करू नका. लांबून कोणी घेतले तर ठीक. ते चित्रण ज्या फोनमध्ये झाले त्यातच राहू द्या : व्हॉट्सॲपवरून पुढे गेलेली प्रत दबलेली असते आणि कोर्टात मूळ फोन व भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र मागितले जाते. हात उचलू नका, शिवी देऊ नका. पळून जाता येत असेल तर जा. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, हे येशूनेच शिष्यांना सांगितले आहे, आणि पौल दिमिष्कातून टोपलीत बसून भिंतीवरून उतरला. यात कमीपणा नाही.

मार लागला असेल तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा आणि "मारहाण झाली" असे सांगून एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करून घ्या. "पडलो" असे सांगितले की पुढचे सगळे बिघडते. मुका मार दोन-तीन दिवसांनी काळानिळा दिसतो, म्हणून फोटो पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही काढा. फाटलेले, रक्ताचे कपडे धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा.

पोलीस ठाण्यात

बऱ्याच जणांना वाटते की तक्रार केली म्हणजे क्षमा केली नाही. आम्हाला हे पटत नाही. फिलिप्पैत पौलाने फटके खाल्ले, रात्री तुरुंगात स्तोत्रे गायली, आणि सकाळी अधिकाऱ्यांना ठणकावले की आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीशिवाय आम्हाला मारले, आता स्वतः येऊन बाहेर काढा. पुढे त्याने कैसराकडे दाद मागितली. मनातून सूड काढून टाकायचा आणि कायद्याचा हक्क मात्र वापरायचा, म्हणजे उद्या दुसऱ्या घरावर तीच वेळ येत नाही.

शहरातला मामला पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतो, तालुक्यांतला ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या. हद्दीचे कारण दिले तर "झिरो एफआयआर" म्हणा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कोणत्याही ठाण्यात ती नोंदवता येते आणि प्रत मोफत मिळते. नोंदवली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना (शहरात आयुक्तांना) टपालाने पाठवा, रजिस्टर केल्याची पावती जपा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तक्रारीत वेळ, जागा, नावे, नेमके शब्द आणि कोणी काय केले एवढेच लिहा. "संपूर्ण गावाने मारले" असे लिहिले की खटला तिथेच कच्चा होतो.

कधी कधी उलटे होते आणि मार खाणाऱ्यालाच ठाण्यात नेतात. सोबत जा, झटापट करू नका. न वाचलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही नको, "यापुढे सभा घेणार नाही" अशा हमीपत्रावर तर नकोच. अटक झाली तर कारण सांगणे, आप्ताला कळवणे, वकील भेटू देणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणे बंधनकारक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसे यांना मोफत वकील मिळतो. फोन १५१००, किंवा नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या (सीबीएस) जिल्हा न्यायालयातले विधी सेवा प्राधिकरण गाठा.

वाळीत टाकले तर

गिरणीवाला दळण नाकारतो, मुकादम द्राक्षबागेच्या टोळीतून नाव काढतो, हंडा भरू देत नाहीत. तारीखवार वही घाला. भाऊकीने किंवा जातपंचायतीने बहिष्कार टाकणे २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे : ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मंडळीने (चर्चने) अशा घरासाठी महिनाभराचे पीठ-तांदूळ आणि दुसऱ्या गावची मजुरी बघून ठेवावी. गाव सोडायचा सल्ला सहसा देऊ नये. एकोणिसाव्या शतकात शरणपूरची वेगळी ख्रिस्ती वस्ती उभी राहिली तेव्हा तिची गरज होती. आज वेगळे निघालेले कुटुंब सुरक्षित होते, पण शेत, नातीगोती आणि साक्ष तिन्ही मागे राहतात.

दफनाचा प्रश्न मरणाच्या दिवशी सुटत नाही. जागेसाठी ग्रामपंचायत व तहसीलदारांकडे आजच अर्ज द्या, पोहोच घ्या, आणि घरातल्या वडिलांची इच्छा भावांसमोर लिहून ठेवा.

घरातला छळ

हा सगळ्यात जिव्हारी लागतो. नवरा किंवा बायको विश्वासात नसेल आणि एकत्र राहायला तयार असेल तर सोडू नका, असे पौल करिंथकरांना लिहितो. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा दोघांची काही वर्षे ताटातूट झाली. नंतर त्या परत आल्या आणि पुढे स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घाई करू नका, जबरदस्ती तर मुळीच नको. पण मारहाण होत असेल तर सोसत बसणे म्हणजे विश्वास नव्हे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. तिथून आसरा व मदत मिळते.

मन खचते तेव्हा

छळानंतर झोप उडते, दाराच्या आवाजाने दचकायला होते, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. हा अविश्वास नाही. एलीया झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, दोनदा खायला दिले आणि मग बोलला. तोच क्रम धरा. पहिले दहा दिवस वेळेवर जेवण, झोपताना सोबतीला एक माणूस, आणि स्तोत्र १३, ५५ व ५६ मोठ्याने वाचणे; त्यात तक्रार आहे, रडणे आहे, ते गिळू नका. छळणाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना करा, रोज एकच नाव. सुरुवातीला नुसते नाव तोंडातून निघाले तरी चालेल. महिनाभरानंतरही झोप येत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमधल्या मानसोपचार विभागात दाखवा.

मंडळीचा उत्साह तिसऱ्या महिन्यात ओसरतो आणि खटला तर वर्षानुवर्षे चालतो. म्हणून आत्ताच यादी करा : प्रत्येक तारखेला कोर्टात सोबत जाणारे दोघे, त्या दिवशी मुलांना सांभाळणारे एक घर, एसटीचे भाडे कोणाकडून. यादी पाळकाकडे नको, तिघांकडे ठेवा. पाळकालाच नेले तर ती सापडली पाहिजे.