तारिमाच्या कडेला उभे राहून शिकलेला जॅझ

मेक्सिकोच्या वेराक्रुस राज्यातील हालापा या डोंगराळ शहरात मी डबल बास (उभे धरून वाजवायचे, खर्जातले मोठे तंतुवाद्य) घेऊन जॅझ शिकायला गेलो, तेव्हा मेक्सिकन परंपरेतून स्फुरलेला जॅझ म्हणजे ओळखीच्या स्वरसंगतींवर जोडीने वाजणारे दोन ट्रम्पेट, एवढीच माझी समजूत होती. ती पुसली जायला जवळजवळ एक वर्ष गेले. याच वाटेने जाऊ पाहणाऱ्यांचे ते वर्ष वाचावे, म्हणून हे लिहितो आहे.

हालापात वेराक्रुस विद्यापीठाचे जॅझ अभ्यास केंद्र आहे आणि राज्याच्या दक्षिणेकडच्या सखल, वाऱ्याच्या प्रदेशात ‘सोन हारोचो’ हे लोकसंगीत आजही घराघरांत वाजते. स्पॅनिश, आफ्रिकी आणि मूळ रहिवाशांच्या संगीताच्या मिश्रणातून ते घडले आहे. त्यातील मुख्य वाद्य ‘हाराना’ हे ‘सेद्रो’ नावाच्या लाकडाचा एकच ठोकळा कोरून करतात. त्याला पाच जागी मिळून आठ तारा असतात. ‘रेकिंतो’ या चार तारांच्या वाद्यावर गुरांच्या शिंगाच्या लांबट पट्टीने चाल छेडतात. नवागताने मात्र सर्वांत आधी पाहायला हवी ती ‘तारिमा’, म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायांखालची लाकडी फळी. कारण ती रंगमंच नसून तालवाद्य आहे.

बहुतेक ‘सोन’, म्हणजे या संगीतातील गाणी, सहा मात्रांच्या आवर्तनात असतात. आपल्याला दादऱ्यामुळे तीन-तीनचे खंड सरावाचे असतात, आणि घात तिथेच होतो. कारण त्याच सहा मात्रा दोन-दोन-दोन अशाही मोजल्या जातात, आणि या दोन्ही मोजण्या एकामागून एकच नव्हे, तर एकाच वेळी, एकाच्या हातात आणि दुसऱ्याच्या पायात चालू असतात. यावर मला उपयोगी पडलेला रियाज साधा आहे: सहा मात्रांत पायाने दोन ठोके द्यावेत, हाताने तीन टाळ्या वाजवाव्यात आणि तोंडाने दादऱ्याचे बोल म्हणत राहावे. पंधरा मिनिटे न चुकता हे जमेपर्यंत वाद्याला हात लावू नये.

मी हा रियाज न करता एका गावच्या फांदांगोत, म्हणजे रात्रभराच्या सामूहिक वादन-नृत्याच्या मेळ्यात, बास घेऊन उभा राहिलो. हारानाचा जोरकस आघात जिथे ऐकू आला तिथेच सम आहे असे मी गृहीत धरले आणि पावलागणिक एक स्वर देत चालू लागलो. तारिमावरच्या दोन बायकांनी नाच थांबवला नाही. फक्त टाचा अधिक जोरात आपटायला सुरुवात केली. त्या मला ताल दाखवत होत्या, हे कळायला चार आवर्तने गेली. जोर आणि सम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या टाचांनी शिकवले, कोणत्याही वर्गाने नव्हे.

निसर्गचित्रणाच्या मोहाबद्दलही सांगायला हवे. हालापात दिवसेंदिवस धुके आणि ‘चिपिचिपी’ नावाची बारीक रिमझिम असते. मीही लांबवलेल्या, अधांतरी स्वरसंगतींची एक रचना लिहिली. एका सहाध्यायीने विचारले, ‘हा पाऊस नेमका कुठला?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे त्या संगती निम्म्याने कमी करून बासच्या लाकडावर बोटांनी टाचांचा ठेका धरला, तेव्हा रचनेला गाव मिळाले. मेक्सिकन संगीतकार होसे पाब्लो मोंकायो यांनी वेराक्रुसमधील अल्वारादोसारख्या ठिकाणी जाऊन लोकवादकांना ऐकले आणि 1941 मध्ये त्या सोनांवर ‘वापांगो’ ही वाद्यवृंदाची रचना उभी केली. ती जॅझ नव्हे, पण प्रदेश संगीतात कसा येतो हे समजायला तिची स्वरलिपी महिनाभर समोर ठेवावी.

श्रवणात अमेरिकन जॅझ बासवादक चार्ल्स मिंगस टाळता येत नाही. मेक्सिकोतील तिहुआनाच्या भेटीवरून सुचलेला त्याचा ‘तिहुआना मूड्स’ हा संग्रह 1957 मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कास्तानेत (बोटांनी वाजवायच्या लाकडी टाळ्या) स्पेनच्या वळणाचे आहेत, आणि ती नजर सीमेवरच्या शहरात आलेल्या पाहुण्याची आहे. तरीही त्या शहराची अस्वस्थ गर्दी त्यात आहे, म्हणून मी तो नकलेसाठी नव्हे, धाडसासाठी ऐकतो. (मिंगस 1979 मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे वारला आणि त्याच्या अस्थी गंगेत सोडण्यात आल्या, हे मला तिकडे गेल्यावरच कळले.) आणखी एक धागा: 1977 च्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांच्या भैरवीबरोबर ‘एल कास्काबेल’ हा वेराक्रुसचा सोनही आहे, अर्थात मारियाचीच्या, म्हणजे ट्रम्पेट-व्हायोलिनच्या मेक्सिकन वादकमेळाच्या, रूपात.

व्यवहाराचे थोडे. कामापुरती स्पॅनिश आधी शिकून जावी, कारण गाणाऱ्याने कडवे उचलले की वादकांनी आवाज खाली आणायचा असतो आणि त्यासाठी शब्द कळावे लागतात. पहिले काही मेळे बाहेरच्या कडेला, उसन्या हारानावर, हळू आवाजात वाजवावेत. हवा दमट असल्याने बासचे सांधे वरचेवर तपासावेत. आणि मेळा उजाडेपर्यंत चालतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचा तास ठेवू नये.