फ्लेमिंगोच्या आधी चिखल: खाडीवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

निकाल लागले की ठरलेले फोन सुरू होतात. ‘ताई, बीएस्सी झालंय, फ्लेमिंगोवर काम करायचंय.’ करा की! पण ठाण्याच्या खाडीवरच्या कामात दुर्बीण डोळ्याला लागते ती थोडा वेळ. बाकीचा दिवस चिखलात, चाळणीपाशी नाहीतर कॉम्प्युटरपुढे जातो. हे ऐकूनही हुरूप टिकला असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी भरती-ओहोटी शिकून घ्या. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाण्याच्या पातळीत जवळपास ५ मीटरचा फरक पडतो. सकाळी सहाला जिथे चिखलाचं मैदान असतं, तिथे दुपारी बाराला होडी चालते. मोबाइलवर तक्ते मिळतात, तरी जुना हिशोब तोंडपाठ असू द्या: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पुनवेला बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं. शिवाय तक्ता दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदराचा असेल तर भांडुप-ऐरोलीला पाणी त्याहून उशिरा चढतं, हे धरूनच घरून निघा.

पक्ष्यांचा दिवसही याच घड्याळावर चालतो. ओहोटीला चिखल्या, तुतवार, शेकाटे दूरवर पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की त्याच्या पुढे पुढे सरकत काठाकडे येतात, म्हणून शिवडीच्या जेट्टीवर पूर्ण भरतीच्या आधीचे दीड-दोन तास गाठायचे. भरती पुरी झाली की चिखल बुडतो, टेकायला जागा उरत नाही आणि थवे उठून नेरुळ-सीवूड्सकडच्या तळ्यांवर जातात. टीएस चाणक्य, एनआरआय, डीपीएस ही त्यातली नेहमीची नावं. ही तळी बुजवली तर खाडीत अन्न मुबलक असूनही पक्ष्यांची पंचाईत होईल. मोजणीलाही म्हणूनच दोन्ही काठांवर एकाच वेळी माणसं लागतात, नाहीतर तोच थवा वहीत दोनदा चढतो.

आता चिखलाकडे वळू. छोटा रोहित, म्हणजे लहान फ्लेमिंगो, चोच उलटी करून मुख्यतः निळं-हिरवं शैवाल गाळून खातो. शहराच्या सांडपाण्यातून नायट्रोजन, फॉस्फरस खाडीत येतात आणि त्यावर हे शैवाल माजतं. त्यामुळे ‘फ्लेमिंगो वाढले म्हणजे खाडी सुधारली’ असं कुणी म्हटलं की मी आधी चिखलाचे आकडे मागते. १,६९० हेक्टरचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं, हे चांगलंच झालं. पण पाण्यातून काय वाहत येतंय ते यादीला विचारून कळत नाही.

ते चाळणीत कळतं, चिखलात कुठले जीव तगलेत त्यावरून. नळकांड्याने काढलेला चिखलाचा गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर ठेवायचा आणि हलक्या हाताने पाणी सोडायचं. जोरात धार मारली की अळ्यांसारखे नाजूक वलयी कृमी तुटतात. तुटलेच तर मोजताना फक्त डोकी मोजायची, शेपट्या सोडून द्यायच्या. नमुना टिकवणाऱ्या फॉर्मालिनमध्ये रोझ बेंगाल हा रंग घातला की जीव तेवढे गुलाबी होतात आणि शंखांचा चुरा, काड्या, प्लास्टिकचे धागे यांतून वेगळे उठून दिसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या अंगावरचे केस बघत ओळख पटवायची. एकेका नमुन्यावर दुपार जाते, मान अवघडते, फॉर्मालिनचा वास डोक्यात बसतो (खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला). ज्याला यात गंमत वाटू लागली, तो या क्षेत्रात टिकला असं समजा.

गमबुटांवर पैसे घालवू नका, चिखल ते पायातून ओढून घेतो. घोट्याला घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे. अनवाणी तर मुळीच नको, कालवांची धार ब्लेडसारखी लागते. निवट्या आणि चिंबोऱ्या कुठल्या बिळात आहेत हे बिळाच्या तोंडावरून सांगणाऱ्या मावश्या कोळीवाड्यांत आहेत. त्यांच्याकडून शिकाल ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. त्यांच्या वेळेचे आणि होडीच्या भाड्याचे पैसे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा. नाखवा ‘आज नको’ म्हणाला की घरी परतायचं, वाद घालायचा नाही.

परवानग्यांचं काम रटाळ आहे, पण टाळता येत नाही. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वनखात्याची मंजुरी लागते. जाळी लावून पक्षी पकडणं, पायात कडी घालणं तर परवानगीशिवाय गुन्हाच. तिवरांची फांदी तोडण्याआधीही विचारायचं. अर्ज मोसमाच्या बरेच महिने आधी करा. पक्षी तुमच्या फायलीसाठी थांबत नाहीत.

शिक्षणाचं थोडक्यात. मासे आणि जलजीव यांकडे ओढा असेल तर वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. १८८३ पासून चालू असलेली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पक्ष्यांचे छोटे अभ्यासक्रम घेते, कामाच्या ओळखी तिथे होतात. वन्यजीवशास्त्रात एमएस्सीच करायची तर देहरादून, बंगळुरूसारख्या ठिकाणांचा विचार करा. नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता. नुसत्या प्रकल्प सहायकाला बहुतेकदा त्याहून कमी. मुंबईत घरच्यांकडे राहणाऱ्याला ते परवडतं, बाहेरगावच्या मुलांची ओढाताण होते. ही या क्षेत्रातली मोठी अडचण आहे आणि तिच्यावर उघडपणे फारसं कुणी बोलत नाही.

आकडेमोडीसाठी ‘आर’ आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आजच शिकायला घ्या. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, तिथे वही धरायला जा. खडकाळ किनारा बघायचा असेल तर मोठ्या ओहोटीला कार्टर रोडला उतरा. कामासाठी अर्ज कराल तेव्हा त्यासोबत स्वतःच्या नोंदींची दोन पानं जोडा: तारीख, भरतीची वेळ, जागा, काय दिसलं. पोहता येतं का, हेही लिहा. होडीवर माणूस घ्यायचा असतो तेव्हा मी ते आधी बघते, टक्के नंतर.