मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील वास्तू कशा पाहाव्यात

दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरसह ग्रंथालय या दोन्ही वास्तूंची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. म्हणून महात्मा गांधी मार्गाकडून थेट आत न शिरता दुपार कलल्यावर ओव्हल मैदानात उभे राहून पाहणीस सुरुवात करावी. बांधकामाच्या काळी समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ होता आणि या वास्तू त्याच्याकडेच तोंड करून उभारल्या गेल्या, हे ध्यानात घेतले की त्यांची मांडणी कळू लागते.

या दगडांमागचा पैसा कापसाचा आहे. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, परंतु त्याला स्वतःची वास्तू नव्हती. पुढील दशकात किल्ल्याचे तट पाडल्याने जागा मोकळी झाली आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अवाच्या सवा भाव आला. पारशी व्यापारी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी १ लाख रुपये दिले, तर कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय व मनोऱ्यासाठी मिळून ४ लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. १८६५ मध्ये युद्ध संपताच कापसाची तेजी कोसळून स्वतः प्रेमचंद बुडाले, इमारती मात्र त्यानंतर उभ्या राहिल्या.

आराखडे इंग्रज वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. त्यांनी मुंबईत कधी पाऊल ठेवले नाही, ते लंडनहूनच नकाशे पाठवत. त्यामुळे प्रत्येक भागाकडे पाहताना ‘यातले लंडनचे काय आणि मुंबईचे काय’ हा एकच प्रश्न मनाशी धरावा.

१८७४ मध्ये पूर्ण झालेल्या सभागृहात लंडनचा वाटा अधिक दिसतो. उतरते छप्पर, टोकदार कमानी आणि बारा राशींची चित्रे असलेली मोठी गोल रंगीत खिडकी पाहून एखाद्या फ्रेंच चर्चची आठवण व्हावी. ग्रंथालयाकडे वळताच मात्र हवामानाने केलेली तडजोड दिसते: खोल्यांभोवती सावली धरणारे कमानदार व्हरांडे, आणि वारा खेळता राहावा अशा उघड्या, गोल फिरत जाणाऱ्या जिन्यांचे बुरूज. भिंतींना पिवळसर कुर्ला दगड आहे, तर बारीक नक्षीसाठी कोरायला मऊ असा पोरबंदरचा चुनखडक वापरला आहे. हा फरक उघड्या डोळ्यांनी ओळखता येतो.

सर्वाधिक वेळ राजाबाई टॉवरसाठी राखून ठेवावा. सुमारे ८५ मीटर उंचीचा हा मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याचा तळ म्हणजे बग्ग्या थांबण्याचा पोर्च आहे. घड्याळाकडे सगळेच पाहतात. आपण दुर्बीण घेऊन कोपऱ्यांवरील मूर्ती शोधाव्यात. युरोपातील गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतील, वास्तूंत जिथे संत उभे असतात, तिथे इथे पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांचे लोक आपापल्या पेहरावात उभे आहेत. अशा एकूण २४ मूर्ती आहेत आणि त्या घडवण्याचे श्रेय मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याला दिले जाते. माझ्या मते संपूर्ण परिसरातील सर्वांत स्वतंत्र काम हेच.

आतील भाग पाहायचा असल्यास परवानगीची चौकशी आधीच करावी. ग्रंथालयाच्या वाचनदालनातील रंगीत काचा उन्हे पश्चिमेकडून येत असताना सर्वांत चांगल्या दिसतात. तिथे वाचकांची बैठक मोडणार नाही अशा बेताने फिरावे.