गरम झालेलं जुनं टू-स्ट्रोक इंजिन पुन्हा सुरू होत नाही? या चुका टाळा

सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या किकला धडधडणारं जुनं इंजिन, तासभर चालवून बंद केलं की अडून बसतं. अर्ध्या तासाने पुन्हा काही झालंच नाही असं सुरू होतं. या दुखण्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंजिन थंड झाल्यावर ते तपासायला घेणं. दोष गरमपणात आहे. थंड इंजिनावर प्लग, कॉइल, कार्बोरेटर सगळं ठीकच दिसणार. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत राहायचं आणि पैसे घालवायचे. प्लग-पाना, एक चांगला जादा प्लग आणि जाड हातमोजे सोबत ठेवा, आणि इंजिन अडेल तिथेच, तेव्हाच बघा.

आधी एवढं आठवा: इंजिन चालता चालता बंद पडलं, की तुम्ही बंद केल्यावर सुरू होईना? बंद करून लगेच किक मारली तर सुरू होतं, पण दहा मिनिटांनी नाही, असं असेल तर संशय कार्बोरेटरवर घ्या. इंजिन थांबलं की वारा थांबतो, पेट्रोलचा प्रवाहही थांबतो आणि सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरकडे सरकते. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. त्याची वाफ होते किंवा ते उतू जाऊन आत शिरतं. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला उष्णतारोधक स्पेसर आधीच्या दुरुस्तीत कुणी काढून टाकलेला नाही ना, ते बघा. फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) झिजलेली असली तरी पेट्रोल असंच उतू जातं.

अशा वेळी सुरू होत नाही म्हणून चोक ओढणं ही दुसरी चूक. गरम इंजिनाला चोक लागत नाही. आत आधीच जास्त झालेल्या पेट्रोलमध्ये भरच पडते. प्लग काढून बघा; ओला असेल तर तो पुन्हा बसवा, पेट्रोलचा कॉक बंद, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सात-आठ किक मारा. उलट प्लग कोरडा असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत गेली, तर झाकणाचं बारीक भोक बुजलंय.

चालता चालताच मेलं असेल तर मात्र आधी ठिणगी. इथे घाई नको. जुना प्लग जागेवरच राहू द्या, कॅपमध्ये जादा प्लग लावा, त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या पंख्यांना (थंडाव्यासाठी बाहेर असलेल्या धातूच्या पट्ट्यांना) घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगचं भोक उघडं ठेवून शेजारी ठिणगी पाडू नका, बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पेटू शकते. आणि कॅप मोकळी लोंबती ठेवून तर किक मारूच नका; करंटला वाट मिळाली नाही की कॉइलचं इन्सुलेशन फाटतं.

ठिणगी नाही, किंवा पिवळसर आणि मलूल आहे? पॉइंटवाल्या इंजिनात (ठिणगीसाठी करंट तोडणारा उघड-मीट होणारा स्विच म्हणजे पॉइंट) पहिला आरोपी त्याला जोडलेला कंडेन्सर. तो गरम होऊन गळू लागला की पॉइंटवर मोठ्या ठिणग्या दिसतात. तो ठीक असेल तर कॉइल, आणि सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) असेल तर मॅग्नेटखालची सोर्स आणि पिकअप कॉइल. मल्टिमीटरवर फार विसंबू नका. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे थंड असतानापेक्षा ५० अंशांनी जास्त तापलेल्या कॉइलचा आकडा पाचव्या हिश्श्याने जास्त येणं हा दोष नाही. तार तुटून सर्किट उघडं पडलं तर मीटर सांगेल. हजारो व्होल्टला फुटणारं इन्सुलेशन मीटरच्या इवल्याशा बॅटरीला दिसणारच नाही. त्याला एकच उपाय: खात्रीची कॉइल लावून गरमातच चालवून बघणं.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. तेही गरम असतानाच, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. साधारण ९० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली गेलं की बहुतेक लहान इंजिनं कुरकुरतात. पिस्टनच्या रिंगा बदलण्याआधी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजून घ्या, नुसत्या नव्या रिंगांनी झिजलेला बोअर भरून निघत नाही.

क्रँकचे ऑइल सील मात्र बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरकडे ढकलणारा पंप म्हणजे क्रँक केसच. सीलचं रबर कडक झालं की हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त, पेट्रोल कमी. गरम झाल्यावर आरपीएम आपोआप चढून खाली यायला वेळ लागत असेल, तर इकडे बघा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सुमारे ६ पीएसआय हवा भरा. दाब मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल, तर गळती शोधा. गिअरबॉक्सच्या बाजूचा सील गेला की गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो.

धूर दिसला म्हणून पेट्रोलमधलं ऑइल कमी करू नका. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. कॉनरॉडला वरच्या टोकाला बेअरिंगऐवजी साधं बुश असलेल्या जुन्या इंजिनांना सहसा जास्तच ऑइल लागतं. प्रमाण मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. ऑइल जास्त झालं तर प्लग काळा होतो, तो साफ करता येतो. कमी झालं तर पिस्टन खरवडतो.