वाट नसलेल्या डोंगरमाथ्यावर जायचंय? मग आधी उतरायचं बघा

मळलेली वाट सोडून नुसत्या रानातून माथा गाठायचा म्हटलं की सगळे विचारतात चढायचं कसं, पण खरं सांगू का, चढणं त्यातल्या त्यात सोपं. डोंगराच्या सगळ्या सोंडा, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत गेलेल्या धारा, वर जाऊन एकाच माथ्याला मिळतात, त्यामुळे थोडं इकडंतिकडं झालं तरी वर वर जात राहिलं की पोचतो माणूस. उतरताना तेच उलटं होतं, सोंडा फुटत जातात, आणि वर २० पावलं चुकली तर खाली भलत्याच खोऱ्यात निघतो. मी एकदा असा निघालोय, गाडी डोंगराच्या पलीकडं आणि अंधार पडत आलेला, म्हणून एवढं घोकून सांगतोय.

तर घरीच नकाशा घेऊन बसा आणि आधी उतरायची सोंड ठरवा, मग चढायची. शक्यतो घळीतून जाऊ नका, तिथं निसरडे दगड, आडवी पडलेली झाडं आणि मध्येच कडा. सोंडेवर झाडी जरा विरळ असते आणि बऱ्याचदा जनावरांच्या पायवाटा मिळतात. कंटूर रेषा, म्हणजे नकाशातल्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघताना एक लक्षात ठेवा, दोन रेषांमधला उंचीचा फरक १० मीटरचा असेल तर ८-९ मीटरचा कडा नकाशात दिसणारच नाही कदाचित, म्हणून रेषा जिथं दाटीवाटीनं आल्यात तिथून लांबच राहा. पाणी खालच्या ओढ्यावरच भरून घ्या, सोंडेवर मिळेल या आशेवर राहू नका.

वेळेचा हिशोब सगळ्यांचाच चुकतो. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं एक साधा नियम दिला, ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. पण तो धड चालता येईल अशा जमिनीचा. दाट रानात तासाला १ किलोमीटर झालं तरी खूश व्हा, आणि थंड प्रदेशातल्या डोंगरांवर माथ्याजवळ स्प्रूस-फरची (सूचिपर्णी) खुरटी झाडं एकमेकांत गुंतलेली असतात तिथं शेवटचे २०० मीटर अर्धा तास खातात. म्हणून परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा, माथा ५० मीटरवर असला तरी ती झाली की मागं फिरा.

फोनमध्ये ऑफलाइन नकाशा टाका, गाडीची जागा मार्क करा, पण त्याच्या जिवावर जाऊ नका, दाट झाडीखाली जीपीएस भरकटतं आणि थंडीत बॅटरी बसते. कंपास हवाच. नकाशातली उत्तर आणि सुईची उत्तर यात काही भागांत १०-१२ अंशांचा फरक असतो, तो धरला नाही तर १२ अंशांची चूक १ किलोमीटरवर २०० मीटरच्या वर जाते. बेअरिंग, म्हणजे कंपासवर लावलेली दिशा, धरून चालताना सुईकडं बघत चालायचं नाही, त्या दिशेतलं लांबचं एखादं ओळखू येणारं झाड पकडायचं, तिथं पोचायचं, मग पुढचं.

डोळ्यांना साधा का होईना चष्मा लावा, गंमत नाही, सुकी काटकी डोळ्यात जायला क्षण पुरतो. पूर्ण बाह्या, जाड पँट, हातमोजे. सॅकला बाहेर काहीही लटकवू नका, रान ते काढून घेतंच. पाऊस थांबला तरी ओल्या झाडीतून जाताना आतपर्यंत भिजतो आपण, सुका कपडा पिशवीत बांधून ठेवा. दोघांमध्ये ४-५ पावलं अंतर ठेवा नाहीतर पुढच्यानं सोडलेली फांदी मागच्याच्या तोंडावर. आणि कोयता नको, झाडांना रिबिनी बांधणंही नको. नाजूक शेवाळ्यावरून एकामागं एक न जाता पसरून चाला, नाहीतर तिथं वाट पडते.

माथा सपाट असेल तर खरा उंच बिंदू शोधणं हे वेगळंच काम. अमेरिकेतल्या कॅट्सकिल डोंगरांत वाट नसलेल्या काही माथ्यांवर झाडाला डबा लावून आत नोंदवही ठेवलेली असायची, ती बघितली की कळायचं आपण पोचलो. बाकी ठिकाणी चारी बाजूंना थोडं फिरून खात्री करा, पण फिरायच्या आधी कंपास काढून उतरायची दिशा लावून ठेवा, खाणंपिणं आणि फोटो नंतर. गोल गोल फिरलं की दिशेचं भान जातं.

उतरताना नेमकं गाडीवर निघायचा हट्ट नको. खाली रस्ता आडवा जात असेल तर मुद्दाम गाडीच्या बरंच डावीकडं नेम धरा, म्हणजे रस्ता लागला की उजवीकडं वळायचं हे नक्की, डावीकडं का उजवीकडं हा घोळच नाही. मध्येच हरवल्यासारखं वाटलं तर बसा, पाणी प्या, नकाशा काढा, घाबरून खाली धावू नका. शिट्टी गळ्यात असू द्या, थांबून थांबून तीनदा वाजवायची. आणि गाडीशी पोचलात की ज्याला जाताना रूट आणि वेळ सांगून आलात त्याला आधी फोन करा, नाहीतर तुम्ही मस्त झोपलेले आणि तिकडं लोक टॉर्च घेऊन तुम्हाला शोधतायत.