साथीच्या वॉर्डात बाळाला अंगावर पाजताना

कोरोनाच्या काळात तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मी बाळंतिणींच्या वॉर्डात ड्युटी केली. आई-सासूला आत सोडत नव्हते, त्यामुळे बाळ छातीशी कसं धरायचं हे दाखवणारं माणूसच पहिलटकरणीजवळ नसायचं. पुन्हा तशी वेळ आली तर खाटेवर एकटीने काय करायचं ते सांगते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून बाळाला तोडू नका. कोरोना झालेल्या आईनेही अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच सांगितलं होतं. (साथ दुसऱ्या आजाराची असेल तर डॉक्टरांना विचारा.) मास्क नाकावर नीट घ्या, साबणाने 20 सेकंद हात धुवा. छातीला सॅनिटायझर लावायचं नाही. बाळाला मास्क तर कधीच नाही.

"सिस्टर, दूधच नाय येत," असं दुसऱ्या दिवशी बहुतेक जणी रडवेल्या होऊन सांगतात. अगो बाय, पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, घट्ट, पिवळसर, थेंब थेंब. बाळाला एका वेळी चमचाभर पुरतो. दूध भरायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो, सिझर असेल तर कधी त्याहून उशीर. तोवर दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा छातीला लावा. रडायची वाट बघू नका, बाळ मूठ चोखायला लागलं की घ्या. पाचव्या-सहाव्या दिवसापासून 6 तरी लंगोट ओले झाले, तर दूध पुरतंय असं समजा.

खरा त्रास असतो तो धरण्यात. नुसतं निपल तोंडात गेलं की चिरा पडतात. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागू दे, नाक निपलसमोर. निपल वरच्या ओठाला घासा. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आणा, तुम्ही बाळावर वाकू नका. हनुवटी टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे. दुखतच राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि परत लावा. सिझरवालीने कुशीवर झोपून पाजावं, टाक्यांवर भार येत नाही.

निपल आत ओढलेलं असेल तर सिस्टरकडे 20 मिलीची नवी सिरिंज मागा. सुईकडचं टोक कापून दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालतात आणि गुळगुळीत बाजू छातीला लावतात. पाजण्याआधी दट्ट्या तुम्ही स्वतःच हलका ओढा, अर्धा-एक मिनिट धरा. दुखलं की सोडा.

दूध दाटलं की छाती टणक होते, ठणकते, कणकणही येते. साथीत लगेच वाटतं, कोरोनाच वाढला! तपासायला सांगाच, पण दूधही काढा. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी बरगड्यांकडे दाबा, मग चिमटीत. निपल ओढायचं नाही.

ऑक्सिजनवर असाल आणि बाळ घेणं जमतच नसेल, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उकळलेल्या वाटीत दूध काढून द्या. सिस्टर चमच्याने पाजतील, बाटली नको. झाकून ठेवलेलं दूध बाहेर 4 तास टिकतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात त्याआधीच संपवा. फ्रिजच्या भरवशावर राहू नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. पावडरच्या दुधाला उकळलेलं पाणी लागतं, आणि अशा वेळी अडतं ते तिथेच. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डबा उघडू नका.

घरून गेटवर डबा येतो, त्यात गरम पेज, कुळथाची पिठी मागवा. आळिवाची खीरही खा, पण दूध वाढतं ते बाळ चोखतं म्हणून.

बाळ पाजायलाही उठत नसेल, लघवी थांबली असेल, तळपाय पिवळे दिसत असतील, किंवा तुमच्या छातीवर लाल चट्टा येऊन ताप चढला असेल, तर मध्यरात्रीही हाक मारा. किट चढवून आत यायला आम्हाला वेळ लागतो, म्हणून लवकर मारा.